परेशचा अल्बम आणि शेठजींचं गोदाम

तीन वादक एकत्र बसले की अल्बम एक निघतो आणि किस्से पोतंभर! तळोद्याच्या परेशचा जॅझचा अल्बम परवाच बाहेर आला. सगळ्या धुना त्याच्या स्वतःच्या. पियानोवर तो, बेस गिटारवर मी. सुटलो एकदाचे, म्हणून हसत सांगतोय. परेशच्या वडिलांनी, कापडवाल्या शेठजींनी, अटच घातली होती. अल्बम त्यांना पटला नाही, तर पियानो बंद आणि परेशनं दुकानाच्या गादीवर बसायचं.

*

पियानो सुरतहून भाड्यानं आणला. हमालांनी तो कसाबसा शेठजींच्या गोदामात नेला, तिथंच आमचं रेकॉर्डिंग होतं. त्यांच्यातल्या नानानं घाम पुसत विचारलं, "याले वाजाडाले कितला लोके लागतस?"

"एकच."

नाना मटकन खाली बसला. "उचलाले आम्ही इतला, आनि वाजाडाले एकच!"

*

ड्रमवर सलीमभाई, लग्नाच्या बँडमधले. वरात दारात पोचेपर्यंत हात थांबवायचा नाही, ही जन्माची सवय. पहिली धून संपली, परेश थांबला, मी थांबलो. सलीमभाई चालूच!

"सलीमभाई, संपलं!"

"नवरदेव घोडे पर से उतरा क्या?"

*

गोदामात कापडाचे तागे रचलेले, म्हणून आवाज घुमत नसे. पण ऐन लग्नसराई! एका सकाळी विहिरीत बसल्यासारखा आवाज यायला लागला. बघतो तर मागची अख्खी भिंत रिकामी, माल दुकानात गेलेला.

परेश कळवळला. शेठजी म्हणाले, "कापड इकाले आनेल शे, तुन्हा आवाज दाबाले नही!"

मग आम्ही घरोघरच्या गोधड्या टांगल्या.

*

जॅझमध्ये दर वेळी सुचेल तसं वाजवतात. शेठजींना हे कळलं तेव्हा ते भडकलेच. "काल एक माल दखाडा, आज दुसरा! कापडमा असं करू ते दुकान बंद पडी!"

परेश त्या दिवशी जेवला नाही.

*

अल्बम आला त्या दिवशी शेठजींनी तो दुकानातल्या स्पीकरवर लावला. आम्ही दोघं माळ्यावरून बघत होतो. एक धून झाली, दुसरी झाली. शेठजींचा चेहरा कोराच.

तेवढ्यात लग्नाचा बस्ता फाडायला, म्हणजे लग्नाच्या कपड्यांच्या खरेदीला, एक अख्खं कुटुंब आलं. त्यातल्या आजी वैतागल्या, "शेठ, हाई बंद करा ना! साड्या दखाडा."

परेशनं माझा हात घट्ट धरला.

शेठजी जागचे हलले नाहीत. "बसा ना माय. बस्ता दुपारले फाडू. मन्हा पोऱ्या वाजाडी ऱ्हायना!"