बेरियम प्यालेला तारा

बायको गेली तेव्हा घरात तिचा धड एक फोटो नव्हता. लग्नातला होता तो वाळवीने खाल्ला. उरला तो एक्स-रे. घास गिळताना अडकतो म्हणून दवाखान्यात तिला आधी बेरियम पाजलं, पांढरं, घट्ट. एक घोट घेऊन माझ्यावरच डाफरली, "ह्यो चुनो आसा! माका भिंत समजलात काय?" तरी प्याली. डॉक्टर म्हणाले, पांढरं दिसतं ते बेरियम, आणि ते अडलंय तिथं रोग. पुढचं सांगत नाही.

ती फिल्म मी कांजूरच्या आमच्या खोलीत खिडकीच्या गजाला अडकवली होती. उजेड आला की छातीतली पांढरी रेघ दिसायची. सुनेला दिवस गेले होते. ती म्हणाली, "बाबा, मी रोज उठून आईंचं दुखणं बघायचं का? भंगारवाला घेतो, त्यातून चांदी काढतात. रविवारी देऊन टाकते." तिचं खोटं नव्हतं. पण मला बायकोचं दुसरं काय होतं?

तेव्हा शेपटीवाल्या ताऱ्याचं खूळ होतं. चाळीच्या मंडळाच्या खोलीत कॉलेजातल्या एक बाई भिंतीवर चित्रं दाखवायला आल्या. शेपटीवाला संपल्यावर म्हणाल्या, ताऱ्याचा उजेड काचेतून फाकवला की प्रत्येक धातूची आपली रेघ दिसते. काही ताऱ्यांत बेरियमची रेघ नको तेवढी जाड असते.

मी चौथी शिकलेला. तोंडातून गेलं, "त्यांना कोणी पाजलं?"

सगळी चाळ हसली. शेजारचा ओरडला, "नाना, ताऱ्याचं पोट बिघडलं होतं रे!"

बाई पण हसल्या. मग म्हणाल्या, "पाजलंच म्हणा ना. हा तारा अजून तरणा, बेरियम त्याला स्वतः करता येत नाही. त्याचा जोडीदार आधी म्हातारा झाला, फुगला. असले जड धातू म्हाताऱ्या ताऱ्याच्या पोटात सावकाश शिजतात. त्याने ते ह्याच्या अंगावर ओतले आणि विझला."

"आता कुठाय तो?"

"निखारा उरलाय, पांढरा, बारका. दिसत नाही. पण हा डुलतो, म्हणून कळतं की कोणीतरी बाजूने ओढतंय."

"म्हणजे दिसतो तो रंडका," मी म्हटलं. ह्यावेळी कोणी हसलं नाही.

रविवारी फिल्म मीच काढून भंगारवाल्याला दिली. त्याने ती उजेडाला धरलीसुद्धा नाही, गुंडाळून पोत्यात कोंबली. खिडकीत नुसते गज राहिले.

दुपारी सुनेने बांगड्याचं तिखलं केलं. म्हणाली, "बाबा, आईंनी शिकवलेलं तसंच केलंय, तिरफळं शेवटी."

चव तिचीच होती. घास खाली जाईना.