तीन नंबरच्या टेबलावरची वहिनी
आंब्याचा रस आटायला लागला की त्या वासाने मला रत्नागिरीचा तो कारखाना आठवतो. ऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट. शेडमध्ये वाफ कोंडलेली, मी तिथे पेट्या उचलणारा हमाल, आणि आंबे सोलणाऱ्या बायांत आमच्या वाडीतली वहिनी. एका दुपारी ती उभ्याउभ्या कोसळली. मुंबईहून नवे आलेले साहेब वाकलेसुद्धा नाहीत, भिंतीवरच्या फोनवर ऑफिसला म्हणाले, "टेबल तीनला एक हेड डाऊन. रिप्लेसमेंट पाठवा." मी पुढे झालो. "हेड काय म्हनता सायेब? बाय हाय ती. गाडी द्या, इस्पितळात नेतो." साहेब शांतपणे म्हणाले, "गाडी डिस्पॅचची आहे. तू मोकळाच आहेस ना? मग तूच रिप्लेसमेंट." शाळा माझी दुसरीपर्यंतच, पण मान कुणापुढे वाकवली नव्हती. समोर पिकल्या आंब्यांची रास होती. ती नासली तर सगळ्या टेबलालाच घरी पाठवतील, हे ठाऊक होतं. मी सुरी उचलली. दोघी बायांनी वहिनीला गोणपाटात घालून उचललं. दाराशी तिने डोळे उघडून "भावोजी" अशी हाक मारली. मी वर बघितलं नाही, सोलत राहिलो. वहिनी त्यातून वाचली, पुढे वीस वर्षं शेजारी राहिली. त्या हाकेला ओ द्यायचं मात्र माझ्याकडून राहूनच गेलं.