सहदेवकाकांचा कान

मरोळच्या कारखान्यांमागच्या मैदानात संक्रांतीनंतरच्या रविवारी जुन्या फियाटींची शर्यत असते. तीस वर्षांपूर्वी दोन मेकॅनिकांची जुंपली, कुणाची गाडी पुढे म्हणून, तेव्हापासूनची. बक्षीस एक नारळ. तरी माणसं सकाळपासून जागा धरून बसतात. रोज धक्का मारून चालू करावी लागणारी गाडी त्या दिवशी धूळ उडवत सुटते, त्यात काय मजा आहे ते न बघणाऱ्याला सांगून कळायचं नाही.

नियम एकच, इंजिन कंपनीने दिलं तसंच हवं. तपासणार सहदेव परब. गिरणी कामगाराचा मुलगा, उभा जन्म गॅरेजात गेलेला. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. आत काही बदललेलं असलं तर आवाजावरून कळायचं. काकांनी मान हलवली की गाडी पास.

दोन वर्षांपूर्वी काकांचा कान गेला. हे फक्त त्यांच्या बायकोला, मालनकाकूंना माहीत. त्यांनी कानाच्या मशीनसाठी जीव काढला, पण म्हातारा महाहट्टी. ऐकू न येताच मान हलवत राहिला.

यंदा त्यांची लेक अक्षता पहिल्यांदा उतरणार होती. कंपनीचंच इंजिन तिने सहा महिने खपून स्वतः उघडून पुन्हा बांधलेलं. काकांनी तिच्या गाडीला कान लावला आणि बराच वेळ वाकूनच राहिले. इतरांचं ठीक होतं. पोरीच्या पहिल्या शर्यतीला खोटी मान हलवायला त्यांचं मन धजेना.

ते सरळ झाले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "माका ऐकाक येणा नाय. दोन वर्षां झाली."

मला तर त्यांच्याकडे बघवेना. मग गेल्या वर्षी नारळ जिंकलेला नितेश पुढे आला आणि त्यांना ओठ दिसतील असा समोर उभा राहिला.

"ठाऊक आहे, काका. गेल्या वर्षी माझ्या इंजिनाचं टॅपेट पार रस्त्यापर्यंत खडखडत होतं. तुम्ही म्हणालात, झकास."

"मग बोललास का नाय?"

"तुम्ही कान लावता म्हणून कुणी इंजिनाला हात लावत नाही. मी बोललो असतो तर कान कुणी लावला असता?"

काकांनी बाहीने डोळे पुसले. अक्षताने गाडी पुन्हा चालू केली. त्यांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला, डोळे मिटले. आम्ही सगळे त्यांची मान हलायची वाट बघत उभे राहिलो.