बासरीच्या मागचा आवाज

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आम्ही बनारसला, ब्रह्मा घाटाजवळ राहतो. इथे प्रत्येकाकडे असा एखादा किस्सा असतो. मी ऐकते, मान हलवते, विसरते. हा मात्र माझ्याच घरातला आहे...

बाबा वेद शिकवायचे. मला घातलं कॉन्व्हेंटमध्ये. तिथे वर्गासमोर उभं राहिलं की माझी बोबडी वळायची, म्हणून घरी बाबा माझे विद्यार्थी व्हायचे. मी इंग्रजी धड्यातली ओळ एकदा म्हणायची, ते मांडी घालून दोनदा म्हणायचे — त्यांचे वेदाचे विद्यार्थी संथा घेतात तशी. मी चुकले की मात्र ते गप्प. "चुकीचं एकदा तोंडात बसलं की निघत नाही," म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वी ते गेले. मी त्यांच्यावर लेख लिहून ब्लॉगवर टाकला. फारसा कोणी वाचला नाही. आणि या हिवाळ्यात तो मला एका ऑडिओ चॅनेलवर सापडला — शब्दन् शब्द माझा. सुरुवातीलाच "लेखन आणि वाचन" म्हणून त्या माणसाने स्वतःचं नाव सांगितलेलं. माझे बाबा त्याचे बाबा झाले होते! खाली कमेंट्स, "दादा, रडवलंत." संताप आला. आणि खोटं कशाला बोलू, इतके लोक माझ्या ओळींवर रडले याचं बरंही वाटलं. तरी "ताबडतोब काढून टाका" असा मेसेज केला, खाली नंबर दिला.

तो थांबून थांबून वाचतो, मध्ये बासरी. पुन्हा ऐकताना बासरीच्या मागे कोणीतरी पुटपुटल्यासारखं वाटलं. वाक्यातले शेवटचे शब्द. दोनदा. एको असेल, म्हटलं.

दुपारी आई गच्चीवर पापड राखत बसली होती, माकडांसाठी हातात काठी. चोरी दाखवायची म्हणून तिला ऐकवलं. त्या आवाजाबद्दल अक्षर बोलले नाही.

"हे कधी रेकॉर्ड केलंस गं?"

"मी नाही. सांगितलं ना, चोरलंय कोणीतरी."

"त्या माणसाचं नाही विचारत. मागे हे म्हणतायत ना."

माकडाने पापड पळवला, तरी ती उठली नाही. मग ते वाक्य आलं — "शेवटच्या आठवड्यात बाबांनी मला ओळखलं नाही." बासरी वाजली. नुसती बासरी. पुढच्या वाक्याला पुन्हा तो आवाज, दोनदा.

"ते चूक लिहिलंस तू," आई म्हणाली.

मी घाईघाईने क्लिप डाउनलोड केली. त्या फाइलमध्ये तो माणूस आणि बासरी, एवढंच. चॅनेलवर ऐकलं, तर आवाज आहे.

तेवढ्यात त्याचाच फोन आला.

"सॉरी ताई, खरंच सॉरी. व्हॉट्सॲपवर आलं होतं, नाव नव्हतं. आत्ता डिलीट मारतो."

"थांबा! तुमच्या मागे कोण बोलतंय?"

"कोणी नाही ओ. डोक्यावर गोधडी घेऊन एकटाच रेकॉर्ड करतो मी. ताई, तुमचं नाव टाकू का? सुरुवात परत रेकॉर्ड करून नवीन अपलोड करतो."

माझं नाव. तेच तर हवं होतं.

"नको," म्हटलं. "आहे तसं राहू द्या. हात लावू नका."

"नक्की ना? मग... केस वगैरे?"

"नाही हो."

आई आता रोज दुपारी ऐकते. "दादा, तुमचे बाबा ग्रेट!" असं कोणी लिहिलं की माझ्या अंगाचा आजही तिळपापड होतो. आवाज कुठून येतो, मला माहीत नाही. बाबांनी मला ओळखलं होतं का, तेही नाही. फक्त एक विनंती. तुमच्यापैकी कोणाला ती क्लिप सापडली, तर माझी बाजू घेऊन रिपोर्ट करू नका. प्लीज.