रस्त्याकडची पट्टी

अमरावतीहून अकोल्याला जाताना ते संशोधन केंद्राचं शेत दिसलं की आजही माझं डोकं तापतं.

मी तिथं संख्याशास्त्रज्ञ होते. कपाशीच्या चाचणीत कोणत्या वाणाशेजारी कोणता वाण पेरायचा, हे आखून देणं माझं काम. शेजारचे प्लॉट एकमेकांसारखेच वागतात. त्यात ती जमीन वरच्या अंगाला मुरमाड, रस्त्याकडं भारी काळी. म्हणून प्रत्येक वाण दोन्हीकडं यावा, दरवेळी त्याला वेगळा शेजारी मिळावा, अशी मांडणी मी डोकं फोडून काढली होती. परतवाड्याची माझी मैत्रीण तिथंच नवे वाण तयार करायची. पाऊस लांबला तरी तग धरणारा तिचा वाण या चाचणीत होता. इथं हरला की तो कायमचा बाद.

केंद्राच्या प्रमुख साहेबांचा स्वतःचा वाणही त्यात होता. पेरणीच्या दिवशी त्यांनी नकाशा पाहिला. "आपला वाण सारा रस्त्याकडं घ्या. शिवार फेरीले पाहुणे येतात, त्यायले समोर चांगलं दिसलं पायजे."

"सर, मग तुलना कशाची? ओल सगळी तिकडंच राहते."

"तुमी मॅडम, लय पुस्तकी बोलता बुवा."

दाखवायचा वाण रस्त्याकडं, ही आमच्याकडची जुनी रीत. दाखवण्यापुरती ठीक आहे हो, पण परीक्षेत? मी भांडले, लेखीही दिलं. शेवटी मैत्रिणीचा वाण मुरमावरच गेला.

आढावा बैठकीत साहेब ऐटीत म्हणाले, "उत्पन्नात पुढं, धाग्याच्या लांबीतही पुढं. अजून काय पुरावा पायजे?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन्ही आकडे त्याच झाडांचे, त्याच ओलीचे. एकाच घरातले दोन साक्षीदार उभे करून हा माणूस दोन पुरावे म्हणून मिरवत होता. मी उभी राहून तसंच बोलले. "बसा मॅडम," म्हणाले. मग चहा आला, आणि मैत्रिणीचा वाण बाद झाला.

गोदाम रिकामं करताना तिच्या वाणाची बियाण्याची सगळी सरकी गुरांच्या ढेपेसाठी तेलगिरणीत धाडली. तिला कुणी विचारलंसुद्धा नाही.

पुढच्याच पावसाळ्यात पावसानं दडी मारली. वरून विचारणा झाली, तसे साहेब स्वतः मैत्रिणीच्या टेबलापाशी आले. मी शेजारीच बसले होते.

"काहो, तुमचा तो बिनपाण्याचा टिकणारा वाण होता ना? त्याचं बियाणं काढा बरं."

तिनं मानही वर केली नाही.

"ढोरायनं खाल्लं, सर."