चौकीदार आणि साखरेचा डबा

चार माणसं मनाविषयी गंभीरपणे बोलायला लागली, की किस्से साचतातच. वर्ध्याला आमच्या घरी रविवारी सकाळी असं मंडळ भरायचं. मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक ढोले सर, सेलूच्या मुख्याध्यापिका शीलाताई, सिंदीहून रेल्वेनं येणारे कापसाचे व्यापारी मोहनभाऊ आणि मी. सरांचा आवडता विषय एकच: अपराधभाव!

*

सर म्हणाले, "समाज आपल्या मनात एक चौकीदार बसवतो. त्याला गुन्हा लागत नाही. नुसती इच्छा झाली तरी तो शिक्षा करतो!"

मोहनभाऊ म्हणाले, "म्हणजे काही न करताच मार खाचा? मंग करूनच टाका ना, सर!"

*

शीलाताईंनी वर्गात विचारलं, "काच कोणी फोडली?" तीन मुलं मुकाट उभी राहिली. नंतर कळलं, काच माकडानं फोडली होती.

सर खूश. "बघा! गुन्हा नसताना अपराधभाव!"

शीलाताई म्हणाल्या, "कायचं, सर! त्यायनं बाजूच्या वर्गातली फोडलती!"

*

सरांकडे हेल्मेट, लायसन्स, सगळं असतं. तरी चौकात पोलीस दिसला की ते स्कूटर बंद करून ढकलत नेतात. एकदा पोलिसानं विचारलं, "काका, पेट्रोल संपलं काय?"

सर घाबरून म्हणाले, "मी काही केलं नाही!"

*

माझी बायको सुनंदा चर्चेत बसायची नाही. चहा द्यायची आणि अंगणात झाडांना पाणी घालायची. मोहनभाऊंना मधुमेह, त्यांच्या कपात साखर नाही, हा तिचा कायदा. तिची पाठ फिरली की मोहनभाऊ कप घेऊन स्वयंपाकघरात!

बाहेरून आवाज यायचा, "भाऊजी, मले डब्याचं झाकण ऐकू येते बरं!"

मोहनभाऊ परत येऊन म्हणायचे, "सर, तुमचा चौकीदार मनात राह्यते. माह्यावाला अंगणात हाये!"

*

सुनंदा गेली आणि मंडळ बंद पडलं. या घरात हसू आलं, तरी चोरी केल्यासारखं वाटायचं.

गेल्या रविवारी तिघंही न विचारता आले. चहा मी केला, मोहनभाऊंचा बिनसाखरेचा. मोहनभाऊ कप घेऊन आत गेले. झाकण वाजलं. जरा वेळानं पुन्हा वाजलं. बाहेर येऊन ते फिकाच चहा पिऊ लागले.

"काऊन, भाऊ?" शीलाताईंनी विचारलं. "साखर नाई सापडली?"

"सापडली ना. पण वहिनीनं झाकण ऐकलं!"

सगळे एकदम माझ्याकडे बघायला लागले.

आधी मीच हसलो.