सुमीचं पारडं

आधीच सांगून टाकते — भूतबाधा, अंगात येणं, असलं कोणी बोललं की सगळ्यात आधी हसणारी मीच. आजही पटत नाही. पण झालं ते झालं.

आम्ही पिपरी मेघेला राहतो. बारावीत मला शुगर निघाली, टाइप वन. म्हणजे जन्मभर इन्सुलिनची सुई. मैत्रिणी कॉलेज शोधत होत्या आणि मी बाथरूमची कडी लावून पोटात टोचून घेत होते... कारण आईचं फर्मान — "कोनाले सांगू नोको, लग्न जमनार नाई!" इतका राग यायचा! मलाच काऊन?

मग आईनं नवस बोलला. तिच्या माहेरी, गिरडच्या अलीकडच्या खेड्यात, देवळात मोठा लाकडी काटा आहे. आजारी पोर एका पारड्यात, दुसऱ्यात त्याच्या वजनाइतका गूळ. ही तुळा. निघताना आई म्हणाली, "आज सुई घेऊ नोको. देवाले वाटंल, याईचा भरोसाच नाई." खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. सुई कायमची सुटेल या आशेनं ती पर्समध्येच ठेवून मुकाट्यानं गेले.

भर दुपार. तोंडाला नुसती कोरड. मी पारड्यात बसले, थोरला मामा गुळाच्या ढेपा ठेवू लागला. आजारानं मी काडी झालेली, तरी माझं पारडं उचलेना. ढीग वाढत गेला. "अडकला का बे काटा?" म्हणत मामानं दांडी तपासली. कुठंच अडकली नव्हती.

तेवढ्यात मांडीवर भार आला... कोणी येऊन बसावं तसा. अन् कानाशी बारीक आवाज — "आक्का, पानी दे वो."

मी विचारलं, "आई, आक्का म्हणून कोन पानी मांगून राह्यलं?"

आईला आक्का म्हणणारी एकच होती, धाकटी बहीण सुमी. लहानपणीच वारली, एवढंच मला माहीत. "सारखी पानी मांगे," आई रडत म्हणाली. "बाहेरचं लागलं म्हनून याच काट्यावर तुळा केली... पानी बंद केलं तिचं. वाळून वाळून गेली वो माही सुमी."

ती तहान, ते वाळणं... माझी शुगरही अगदी तशीच सुरू झाली होती.

"उतर!" आई ओरडली. "पर्समधली सुई काढ. इथंच घे, सगळ्यायसमोर!"

मी उतरले, तिथंच पोटात सुई टोचून घेतली. पारडं रिकामं, तरी जमिनीलाच टेकलेलं. समोर गुळाचा ढीग अधांतरी! आईनं तांब्याभर पाणी आणून रिकाम्या पारड्यात ठेवलं. "पी, सुमे."

पारडं हळूच वर गेलं. गुळाचं धाडकन आदळलं.

सुई चुकली, शुगर चढली, भास झाला म्हणाल. माझ्या कानाचा भास, मान्य. पण पारडं मामानंही पाहिलं.

आता मी सुई पाहुण्यांसमोरही घेते. आई माझ्या ताटाजवळ पाण्याचे दोन ग्लास ठेवते. दुसऱ्याला आम्ही कोणी हात लावत नाही, तरी जेवण उरकेपर्यंत तो रिकामा झालेला असतो. कसा, ते मला माहीत नाही. आई तो परत भरते.